शेवटचा ठिपका

मिस्त्रींच्या उजव्या तळहाताला त्या गल्लीत जेवढा मान होता, तेवढा खुद्द मिस्त्रींनाही नव्हता. मिस्त्री बोलायला लागले की लोकांना आपापली कामं आठवायची. पण त्यांचा तळहात पत्र्यावरून फिरायला लागला की सगळे गप्प उभे राहायचे. धडक खाल्लेलं दार असो की चेपलेलं मडगार्ड, मिस्त्री डोळे मिटायचे, मान जराशी कलती करायचे आणि झोपलेल्या मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवायचे. मग तो हात एका जागी थांबायचा. "इथं आहे," मिस्त्री म्हणायचे. बघणाऱ्याला तिथं काहीएक दिसायचं नाही. पण पुढे रंग चढला, तिरपं ऊन पडलं, की नेमका तिथंच चिमूटभर फुगवटा दिसायचा आणि गाडीवाल्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला असं, की तो हात कुठंही स्वस्थ बसत नसे. पाहुण्यांकडे गेले की मिस्त्री बोलत असायचे पाहुण्यांशी आणि हात फिरत असायचा फ्रिजवर. बायकोची मावशी आजारी पडली तेव्हा तिला बघायला गेले. मावशी कण्हत होती आणि हे तिच्या लोखंडी कपाटाचं दार अंगठ्याने दाबून 'टक्-टक्' वाजवून बघत होते. "यांना माणूस दिसत नाही," मिस्त्रीणबाई म्हणायच्या, "माणसाच्या मागचं कपाट दिसतं."

दुकान पुढे आणि घर मागे, मधे एक दार. त्या दारातून ठोकाठोकीचा आवाज आत जायचा आणि फोडणीचा वास बाहेर यायचा. याच दारातून मिस्त्रींची एकुलती एक लेक, शाळा संपल्यावर, कुणी न बोलावता दुकानात आली आणि परत आत गेली नाही. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून तिचं नाव चिमणी पडलं. पुढे चिमणी खांद्याने बापाएवढी रुंद झाली, मनगटं त्याच्यासारखी झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. नवा गाडीवाला "चिमणी कुठं आहे?" म्हणून इकडेतिकडे बघायचा आणि बॉनेटखालून हातोडी घेऊन ती उभी राहिली की एक पाऊल मागे सरकायचा.

मिस्त्रींनी तिला सगळं शिकवलं. त्यात हातचं राखलं नाही, हे त्यांच्या नावावर मांडलंच पाहिजे. ठोकणं तर कुणालाही येतं. पण त्या धंद्यातली खरी विद्या म्हणजे आगीने पत्रा आवळणं. पत्र्याला मार बसला की तो नुसता आत जात नाही, ताणलाही जातो. मागून ठोकून पोचा वर काढला तरी ताणलेला पत्रा जास्तीचा होऊन बसतो, मापापेक्षा मोठ्या सदऱ्यासारखा. अंगठ्याने दाबला की टक् करून आत, सोडला की टक् करून बाहेर. मिस्त्री म्हणायचे, "डबा वाजतोय." असा डबा हातोडीने गप्प होत नाही, ठोकाल तितका आणखी पसरतो. त्याला आग दाखवावी लागते. फुगवट्याच्या माथ्यावर गॅसच्या बारीक ज्योतीने बटणाएवढा ठिपका लालभडक करायचा, तो फोडासारखा वर आला की खालून लोखंडी ठोकळा लावून वरून हलके टोले द्यायचे, आणि गार होऊ द्यायचं. गार होता होता तो ठिपका आक्रसतो आणि भोवतालचा ढिला पत्रा आपल्याकडे ओढून घेतो. चांगल्या हाताने असे ठिपके दिले तर पत्रा परत ताठ होतो. कुणाला सांगितलं तरी खरं वाटत नाही की इथं कधी काही झालं होतं.

"आणि एक," मिस्त्रींनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तापलेल्या पत्र्याचं काही खरं धरायचं नाही. गरम असताना तो फुगलेलाच दिसणार. तेवढ्यावर दुसरा ठिपका दिलास तर मेलीस. आधी गार होऊ दे, मग काय ते ठरव. आणि गार झाला का, हे उलट्या हाताला विचारायचं, सुलट्या हाताला नाही. सुलट्या हाताची कातडी काम करून राठ झालेली असते. तो खोटं बोलतो."

बापलेकीत फरक होता तो गार करण्यात. मिस्त्री ठिपका बसवला की लगेच ओलं फडकं दाबायचे. छस्स! वाफ उठायची, आणि मिस्त्रींच्या चेहऱ्यावर पोटभर जेवल्यासारखं समाधान पसरायचं. चिमणीला पाणी नको असायचं. पाण्याने ठिपका कडक होतो, पुढे कानस त्याच्यावरून घसरते, असं तिचं म्हणणं. ती सगळे ठिपके देऊन झाले की पत्र्यावर गोणपाटं पांघरायची आणि सावकाश निवू द्यायची. वाऱ्याने एक बाजू आधी गार आणि दुसरी मागून, असं व्हायला नको.

"पत्रा आहे का तान्हं मूल आहे?" मिस्त्री विचारायचे. "आता पाळणा पण बांध."

"तुम्ही थोबाडीत देऊन झोपवता, मी थोपटून झोपवते," चिमणी म्हणायची.

शेजारी रंगाचं दुकान होतं. मिस्त्रींचा पत्रा पुढे त्याच्याकडे जायचा. रंगारी हा माणूस रंगापेक्षा बोलण्यात जास्त खपायचा. तो मिस्त्रींच्या तोंडावर सांगायचा, "मिस्त्री, तुमच्या पत्र्याला मला जराशी पुट्टी लागते. लेकीच्या पत्र्याला तीही लागत नाही. माझं दुकान बुडवणार ही."

मिस्त्री हसायचे, खूश व्हायचे. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, एक गोष्ट ते कधी चुकवायचे नाहीत. चिमणीचं काम झालं, तिने हात पुसले, की ते उठायचे, तळहात फिरवायचे, कुठेतरी थांबायचे, "इथं जरासं," म्हणायचे, आणि गॅसचा टॉर्च पेटवून स्वतःच्या हाताने एक शेवटचा ठिपका द्यायचे. छस्स. कधी खरोखर तिथं काहीतरी असायचं. कधी नसायचं, तेव्हा ज्योत नुसती जवळून फिरवून घ्यायचे. पण फिरवायचे. त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, विश्वास नाही असं नव्हे, सवय आहे. या माणसाने लेकीला आपली हत्यारं दिली, विद्या दिली, गल्ली नावं ठेवत असताना तिच्या बाजूने लढत दिली. तेवढा एक बटणाएवढा ठिपका त्यांच्याने तिला देववला नाही.

मग एक दिवस जुन्या गाड्यांचा एक शौकीन आला. दुसऱ्या शहरात त्याचा मोठा कारखाना होता. भंगारात जायच्या लायकीच्या गाड्या तो नव्यासारख्या करायचा. आला होता एका जुन्या दिव्याच्या शोधात, पण भिंतीला टेकवलेल्या गाडीच्या एका दारापाशी उकिडवा बसला तो उठेचना.

"हे कुणी काढलं?"

"आमचंच काम," मिस्त्री म्हणाले.

मागे चिमणी कानस चालवत होती. कानसेचा आवाज थांबला.

"आमचं म्हणजे?"

"म्हणजे इथलंच हो. शेवटचा हात माझा."

शौकीन माणूस बेरकी होता. त्याने मिस्त्रींकडे पाहिलं, मग मागे काजळलेल्या हातांकडे पाहिलं, आणि जाताना बापाला नमस्कार करून लेकीला म्हणाला, "आमच्याकडे येशील का? काम पुष्कळ आहे, आणि हात कमी आहेत." फोन नंबर देऊन तो गेला.

काही दिवसांनी चिमणी जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, माझा हात कसा आहे?"

"झकास."

"कशावरून?"

"म्हणजे? मी सांगतोय ना!"

"तेच तर. आजवर माझा एकही पत्रा तुमच्या ठिपक्याशिवाय दुकानाबाहेर गेला नाही. मग तो माझ्यामुळे जमला का तुमच्यामुळे, हे मला कळणार कसं?" तिने घोटभर पाणी प्यायलं. "मला एक पत्रा हवाय. पहिल्या टोल्यापासून शेवटपर्यंत माझा. बिघडला तर माझा, जमला तर माझा. तुमचा हात लागायचा नाही. एवढं झालं ना, तर मी त्या माणसाला नाही म्हणून कळवते. इथंच राहते. मला तिकडं जायची हौस नाही, बाबा. मला माझा हात बघायचाय."

मिस्त्रींना हसू आलं. "एवढंच? मला वाटलं काय मागतेयस."

"शपथ घाल त्यांना," मिस्त्रीणबाई ओट्याकडून म्हणाल्या.

"आई, त्यांनी हो म्हटलंय."

"त्यांना नको गं. त्यांच्या हाताला घाल."

पत्रा लवकरच चालत आला. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी होते. त्यांची जुनी गाडी त्यांनी घड्याळासारखीच ठेवली होती. तिच्यावर वरच्या गच्चीतून कुंडी पडली. बॉनेटच्या मधोमध परातीएवढा खड्डा. घड्याळजी डोळ्याला लावायचं भिंग खिशात घेऊनच आले आणि खड्ड्याची कड न् कड त्यातून तपासून, मेल्या माणसाविषयी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "होईल का पहिल्यासारखं?"

"होईल," मिस्त्री म्हणाले. मग बायकोने दारातून वटारलेले डोळे त्यांना दिसले. "म्हणजे... चिमणी बघेल."

चिमणीने बॉनेट उतरवून दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं आणि कामाला लागली. मिस्त्रींनी हात विजारीच्या खिशात घातले. गल्लीने असं दृश्य कधी बघितलं नव्हतं. रंगारी मुद्दाम चहा घेऊन आला.

"काय मिस्त्री, थंडी वाजतेय?"

"गप रे."

"नाही, हात नेहमीचे दिसेनात म्हणून विचारलं. हरवलेबिरवले का काय?"

चिमणी हसली. मिस्त्रीही हसले, पण खिशात त्यांच्या बोटांची चुळबुळ चालू होती, ती बाहेरूनही दिसत होती. "खिसे फाटतील," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "मग मलाच शिवावे लागतील."

काम मात्र बघत राहावं असं होतं. खड्डा वर आला. मधला ढिला पत्रा डब्यासारखा वाजायला लागला. मग चिमणीने टॉर्च पेटवला आणि माथ्यापासून सुरुवात करून कडेकडेला जात एकेक ठिपका दिला, प्रत्येकाला ठोकळ्याचा आधार, प्रत्येकाला चार हलके टोले, घाई नाही, जोर नाही. बाकीचे ठिपके देण्याआधी ती मधे मधे थांबत होती, उलटा हात लावून बघत होती. मिस्त्रींनी मनात दोन-तीन वेळा "आता इथं" म्हटलं, आणि प्रत्येक वेळी ज्योत आपसूक तिथंच गेली. त्यांना गळ्याशी काहीतरी आल्यासारखं झालं. कौतुक होतं ते. पण त्यांना त्याची सवय नव्हती, म्हणून त्यांना वाटलं पित्त झालं.

शेवटचे ठिपके देऊन तिने बॉनेटवर गोणपाटं पांघरली, कडा नीट खोचल्या.

"मी रंगाऱ्याबरोबर रंगाची छटा जुळवून आणते," ती म्हणाली. "मी येईपर्यंत उघडायचं नाही हं, बाबा. मधे जरासा फुगवटा मी ठेवलाय. निवला की बसेल."

हे शेवटचं वाक्य ती बोलली तेव्हा रस्त्यावरून कचऱ्याची गाडी खडखडत गेली, असं म्हणून मिस्त्रींना सूट देता आली असती. पण गाडी गेली नव्हती. मिस्त्रींनी वाक्य नीट ऐकलं होतं. मान डोलावली होती.

दुकानात मग ते आणि बॉनेट दोघंच राहिले.

आधी ते स्टुलावर बसले. मग उठून झाडलेली जागा परत झाडली. हत्यारं लावली, लावलेली पुन्हा लावली. मग आपण नुसतं बघायला काय हरकत आहे, असा एक विचार आला, आणि तो इतका गरीब चेहऱ्याने आला की मिस्त्रींनी त्याला आत घेतलं. गोणपाटाची एक कड उचलली. बॉनेट सुरेख दिसत होतं. मग उजवा हात खिशातून बाहेर आला. मिस्त्रींनी डोळे मिटले.

हात फिरला आणि मधोमध थांबला.

फुगवटा होता. जरासाच, पण होता. निवला की बसेल, ती म्हणाली होती. पण निवलंच असणार की आता, मिस्त्रींच्या मनाने हिशेब केला. एवढा वेळ झाला. हा हिशेब ओल्या फडक्याचा होता. त्यांच्या पद्धतीत एवढ्या वेळात पत्रा पार थंडगार व्हायचा. गोणपाटाखाली ऊब कशी धरून राहते हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण लेकीच्या त्या पांघरुणाची त्यांनी आजवर फक्त थट्टा केली होती. आणि तळहात तर सांगतच होता, गार आहे. आयुष्यभर आगीजवळ राहून त्या कातडीला आकार तेवढा कळायचा. ऊब कळणं तिने केव्हाच सोडलं होतं.

त्यांच्या डोळ्यांपुढे घड्याळजी आले. भिंग लावून वाकलेले. "इथं राहिलंय की." पोरीचा चेहरा पडलेला. तिच्या पहिल्या पत्र्याला नावं ठेवली गेली, तर ती इथं कशी राहील? तिला वाटेल आपला हात कच्चा आहे. उचलेल पिशवी आणि जाईल. एक ठिपका. एवढासा. तिला कळणारही नाही, आणि पत्रा तिचाच राहील.

नंतर कितीदातरी मिस्त्रींनी हे सगळं मनात उलटसुलट करून पाहिलं. आपण ते तिला ठेवून घ्यायला केलं होतं, हे त्यांना शपथेवर सांगता आलं असतं. ते खरंही होतं. पण लायटर हातात घेतला तेव्हा आपल्याला किती बरं वाटलं होतं, हेही त्यांना आठवायचं.

टॉर्च पेटला. ठिपका लाल झाला, वर आला, बसला. ओलं फडकं. छस्स.

हाताखाली आता सपाट होतं. झकास. मिस्त्रींनी गोणपाट परत पांघरलं, कडा तिने खोचल्या होत्या तशाच खोचल्या, आणि हात खिशात घालून स्टुलावर बसले.

थोड्या वेळाने गोणपाटाखालून आवाज आला. टण्. रिकाम्या पिंपावर कुणी पाय द्यावा तसा. मिस्त्री दचकले. मग आणखी एक, बारीक, कण्हल्यासारखा.

त्यांनी गोणपाटं ओढून काढली. बॉनेट मधे ओढलं गेलं होतं, जुन्या खुर्चीची बैठक खचते तसं. आणि दोन्ही बाजूंना पत्र्याला लाटा आल्या होत्या. चिमणीचे सगळे ठिपके हळूहळू निवत होते आणि तिने मोजून-मापून ठेवलेली ती ओढ आता मिस्त्रींच्या एका ठिपक्यासकट पत्र्याला खाली खेचत होती. मिस्त्रींनी उलटा हात कडेला लावला. अजून कोमट होतं.

ते तसेच उभे असताना ती आली. बरोबर रंगारी होता. तो काहीतरी सांगत हसत होता. त्याने बॉनेट बघितलं, मिस्त्रींचं तोंड बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द न बोलता आपल्या दुकानात गेला.

चिमणीने जमिनीवरचं ओलं फडकं उचललं, पिळलं आणि खुंटीला लावलं.

"उलटा हात लावला होता का?" तिने विचारलं.

"नाही."

"हं."

"चिमणे, मला वाटलं, घड्याळजी..."

"बाबा, राहू दे."

ती रागावली असती तर मिस्त्रींना उत्तर देता आलं असतं. आरडाओरड झाली असती, दोन दिवस अबोला झाला असता, मिस्त्रीणबाईंनी मधे पडून मिटवलं असतं. अशी भांडणं त्या घरात बऱ्याच वेळा होऊन गेली होती आणि सगळ्यांना त्यांचे रस्ते पाठ होते. पण तिने फक्त खांदे उडवल्यासारखं केलं, पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली आणि हातोडी घेतली.

"खालून ठोकळा धरा."

"मी?"

"मग कोण? आवळून गेलेला पत्रा ताणायला दोघं लागतात. तुम्हीच सांगितलंय. धरा."

मिस्त्री बॉनेटखाली शिरले. खालून त्यांना काही दिसत नव्हतं. फक्त पत्र्याची काळी पाठ, आणि तिचा आवाज.

"डावीकडे. अजून. बस, तिथं. घट्ट धरा."

टोला पडायचा आणि ठोकळ्यातून त्यांच्या मनगटात यायचा. किती जोराचा, किती तिरका, कुठं संपला, सगळं त्यांना कळत होतं. इतकी वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती. आज ते तिच्या हाताखाली होते, अगदी शब्दशः, पाठ वाकवून. आणि काय सांगावं, त्यांना ते आवडत होतं. ती "जरा पुढे" म्हणायची तोवर ठोकळा पुढे सरकलेला असायचा. मग तिने सांगणंही सोडलं. नुसते टोले, आणि टोल्याच्या आधी जागेवर पोचलेला ठोकळा. मिस्त्रीणबाई जेवायला बोलवायला दारात आल्या आणि न बोलावताच उभ्या राहिल्या. दोघांचं एकत्र इतकं सुरेख काम त्याआधी कधी झालं नव्हतं. मिस्त्रींना वाटलं, मिटलं. एवढं जमतंय म्हणजे मिटलंच.

दिवेलागणीला बॉनेट ताठ झालं. चिमणीने पांघरूण घातलं. मिस्त्री खिशात हात घालून आपणहून आत गेले.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी आले. त्यांनी बॉनेट भिंगातून इंच इंच तपासलं, खाली वाकून तपासलं, मांजरासारखं गाल लावून तपासलं. काहीच सापडलं नाही, तेव्हा त्यांचा चेहरा थोडा उतरलाच.

"कुणाचा हात?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी श्वास घेतला. हे वाक्य त्यांनी रात्रीच तयार करून ठेवलं होतं. "चिमणीचा," ते म्हणाले. "सगळा तिचा."

"नाही हो काका," चिमणी म्हणाली. अगदी सहज, हसून. "दोघांचा. खालून बाबांनी धरलं होतं."

घड्याळजींनी दोघांकडे कौतुकाने पाहिलं. "भाग्यवान आहात, मिस्त्री."

मिस्त्रीही हसले. ती काय बोलली हे त्यांच्या ध्यानात यायला संध्याकाळ झाली. चिमणीने हातोड्या पुसून, एकेक फडक्यात गुंडाळून पिशवीत भरायला घेतल्या, तेव्हा.

"एक दुपार," मिस्त्रीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, आणि एवढंच म्हणाल्या. मोठ्याने बोलायची त्यांची सवय त्या दिवशी कुठं गेली कोण जाणे. "एक दुपार, अहो."

"दुसरा पत्रा येईल की," मिस्त्री लेकीला म्हणाले. "पुढचा तुझा. मी दुकानात थांबतही नाही. बाहेर जाऊन बसतो."

"बाबा, तुम्ही बाहेर जाऊन बसलात तर मी दिवसभर दाराकडे बघत बसेन," चिमणी म्हणाली. तिने त्यांचा हात हातात घेतला, तळवा वर केला, अंगठ्याने दाबून बघितला, पत्रा बघावा तसा. "चटका बसला तरी कळत नाही ना तुम्हाला?"

"नाही कळत."

"मला वाटलंच."

त्यांनी तिला आपला ठोकळा दिला, झिजून मुठीत बसेल असा झालेला. तिने घेतला. ती गेली.

दुकान चालू राहिलं. मिस्त्रींनी गोणपाटं धुवून ठेवली होती, ती एक दिवस काढली. पहिल्यांदा घाई झाली, दुसऱ्यांदाही झाली. पण हळूहळू ते शिकले. ठिपके द्यायचे, पांघरायचं आणि दुसरीकडे बघत बसायचं. उलटा हात लावायचा. रंगारी एकदा म्हणाला, "मिस्त्री, हल्ली तुमच्याही पत्र्याला पुट्टी लागत नाही." मिस्त्रींना वाटलं, हे कुणालातरी सांगावं. मग कुणाला, ते आठवलं, आणि ते गोणपाटांच्या घड्या घालायला लागले.

चिमणी फोन करायची. आईशी तासभर, बापाशी पाच मिनिटं. तिकडं बरं चाललंय, म्हणायची. सगळे शिस्तीचे आहेत. कुणी कुणाच्या पत्र्याला हात लावत नाही.

"चांगलं आहे," मिस्त्री म्हणायचे.

उन्हाळ्यात ती चार दिवस येणार असं कळलं, तेव्हा दुकानात एका टॅक्सीचं दार होतं. मिस्त्रींनी ते असं केलं की तसं त्यांनी आयुष्यात केलं नसेल. आणि खालच्या कोपऱ्याजवळ एक फुगवटा तसाच ठेवला. मुद्दाम. डोळ्याला दिसणार नाही, पण हाताला लागेल एवढा. बटणाएवढा. गॅस भरून ठेवला, लायटर जवळ ठेवला, ओलं फडकं मात्र उचलून आत टाकून दिलं.

ती आली, आईच्या गळ्यात पडली, चहा प्याली आणि सवयीने दुकानात आली. दार घोड्यावर आडवं होतं. मिस्त्री हत्यारं लावायचं नाटक करत होते.

चिमणीने डोळे मिटले. मान जराशी कलती केली. हात फिरायला लागला. मिस्त्रींच्या हातातला पाना तसाच राहिला. तिचा हात वरून खाली आला, कडेने गेला, कोपऱ्याकडे वळला आणि थांबला. नेमका तिथं. मिस्त्रींनी लायटर तिच्या बाजूला सरकवला, अगदी थोडासा.

तिला कळलं होतं, यात शंका नाही. मग तिने हात उचलला.

"छान झालंय, बाबा," ती म्हणाली.

आणि पाहुणी जशी दुसऱ्याच्या घरातलं चित्र बघून पुढे सरकते, तशी ती पुढे सरकली आणि आईला हाक मारत आत गेली.

ती परत गेल्यावर रंगारी दार न्यायला आला. उचलताना त्याचा अंगठा कोपऱ्यावर गेला.

"मिस्त्री, इथं जरासं राहिलंय. लागतंय का?"

"लागतंय."

"मग मारा की एक ठिपका. टॉर्च तर समोरच आहे."

मिस्त्रींनी हात खिशात घातले.

"असू दे," ते म्हणाले. "तिनं छान म्हटलंय."